पहिली थरथर आली की थांबायचं

३० सप्टेंबर २०१७, शनिवार. दसरा.
सहा वर्षं खपून बांधलेलं माझं विमान, पुलापलीकडच्या देशात, जोहोरच्या भाड्याच्या शेडमध्ये. एकाच सीटचं. आज पूजा केली. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. शिवाय एक लिंबू-मिरची, शेपटीच्या आत दोऱ्यानं बांधली. बाहेर लटकवली असती तर दिलीपनं टिंगल केली असती. दिलीप आमच्याच कॉन्डोतला, एअरफोर्समधून रिटायर झालेला टेस्ट पायलट. गेल्या महिन्यात त्यानं विमान सावकाश उडवून आणलं. आता उरली वेगमर्यादेची टेस्ट. ती मीच करणार. लायसन्स आहे, विमान माझं आहे. मी सायंटिफिक माणूस. पण बांधून बिघडतंय काय?

१ ऑक्टोबर.
दिलीपचं लेक्चर. आठ हजार फुटांवर जायचं, पाठीला पॅराशूट. वेग पाच-पाच नॉटनी वाढवायचा. दर टप्प्याला कंट्रोलच्या दांड्याला हलकी टिचकी. पहिली थरथर आली की थ्रॉटल मागे, म्हणजे वेग कमी, आणि घरी परत. हिरोगिरी नाही म्हणे. आणि पॅराशूटसकट पायलट नव्वद किलोच्या आत हवा.
पॅराशूट सात. मी त्र्याण्णव. म्हणजे दहा किलो. टेस्ट ११ नोव्हेंबरला. किरकोळ.

२ ऑक्टोबर, पहाटे ५.४०.
संकल्प : रोज जॉगिंग. हॉकर सेंटरचं खाणं बंद.

त्याच दिवशी, ६.०५.
बुओना व्हिस्टा एमआरटी स्टेशनपर्यंत पोचलो आणि गुडघ्यात थरथर. नियम म्हणजे नियम. परत फिरलो. वाटेत लक्सा, नारळाच्या रश्श्यातल्या शेवया. (शेवटचा.)

११ ऑक्टोबर.
९३.५. काटा जुना झालाय. वन-नॉर्थच्या ऑफिसात लिफ्ट सोडून जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर थरथर. ऑफिस नवव्यावर. उरलेलं लिफ्टनं.

१९ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
९५. सुचित्रानं रात्र रात्र जागून चकल्या केल्या. बायकोचं मन मोडून कुणाचं विमान उडालंय? आर्याचं म्हणणं, बाबा, यू आर कार्गो लाह. पोरीला पॉलिटेक्निकात हेच शिकवतात. दुर्लक्ष केलं.

२८ ऑक्टोबर.
एकटाच जोहोरला. धावपट्टीवर विमान नुसतं पळवलं. चाळीस नॉटला शेपटीतून थड थड थड! ब्रेक. हाच तो फ्लटर. यातच शेपट्या फडफडून तुटतात. दुसरा कुणी असता तर लक्षातही आलं नसतं. दिलीपला फोन केला. चाळीसला फ्लटर शक्यच नाही म्हणे, शेपटीचं झाकण उघडून आत बघ. मला वाटतं बिजागऱ्या.

४ नोव्हेंबर.
सगळ्या बिजागऱ्या बदलल्या. थड थड तशीच. शेडमध्ये बसून रडलो. सहा वर्षं गेली यात.

५ नोव्हेंबर.
दिलीप आला. झाकण उघडलं, आत हात घातला आणि लिंबू-मिरची बाहेर काढली. लिंबू वाळून पार गोटी झालेलं.
ती माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाला, हे वर गेल्यावर केबलमध्ये अडकलं असतं तर तुला नाक उचलता आलं नसतं, आणि सुचित्राला मी काय सांगितलं असतं? आता टेस्ट तोच करणार म्हणे. मी म्हटलं, सहा दिवसांत त्र्याऐंशीवर येतो. त्यानं माझ्या पोटाकडे बघितलंसुद्धा नाही.

११ नोव्हेंबर.
दिलीप बासष्ट किलोचा. पाच-पाच नॉट करत एकशे पस्तीसपर्यंत गेला. थरथर नाही, काही नाही. खाली उतरून म्हणाला, विमान झकास बांधलंयस रे. टाळ्या सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. फार वाईट वाटलं.
मग त्यानं थोडी सूट ठेवून डॅशबोर्डवर स्टिकर लावला : कमाल वेग १२० नॉट. त्याखाली दुसरा : पायलट कमाल ९० किलो. आर्यानं विचारलं, चोपन्न चालेल का? दिलीप म्हणाला, पळेल. पुढच्या महिन्यापासून तिचा फ्लाइंग क्लास.
सुचित्रानं विमानासाठी नवी लिंबू-मिरची आणली होती. दिलीपनं विमानाजवळ येऊ दिली नाही. मी ती घरी आणून वजनकाट्याला बांधली.
९६.