दोन्ही बाजूंचे पट्टे

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग असला तरी मनातल्या मनात घालतोय, कारण हे पत्र मी गाडीत बसून लिहितो आहे आणि हिच्यात वाकायला गेलं की गुडघा हनुवटीला लागतो. फोनवर मी भडकतो आणि तू मध्येच फोन ठेवतेस, म्हणून यापुढे पत्रंच लिहायची असं तूच ठरवलंस. तेव्हा आता भोग.

काकांची टिल्ली चालू झाली. काकांनी जाताना ती माझ्या नावावर केली तेव्हा सगळं घर म्हणालं, भंगारात दे. साठ वर्षांची, दोन सीटची, कापडी टपाची, दार माझ्या मांडीला लागेल एवढं. कॉलेज सोडल्यापासून आठ महिने मी उस्तादांच्या गॅरेजात लोकांच्या गाड्यांखाली पडून काम शिकलो आणि सुट्टीच्या दिवशी हिच्याखाली पडलो. बाबा म्हणतात, पदवी अर्धी टाकलीस आणि खटारा पूर्ण केलास. म्हणू देत.

आता रोज कामाला हिनेच जातो. बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं. आणि एकटा नाही. गॅरेजाच्या पुढच्या चौकात चष्म्याचं दुकान आहे. तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी मुलगी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी बसची वाट बघत उभी असते. तिला स्वतःला चष्मा नाही, तरी मी तिला चष्मेवाली म्हणतो. पहिल्या दिवशी ती टिल्लीत बसली आणि म्हणाली, ही गाडी आहे की बूट. ताई, तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

धोक्याचं म्हणशील तर आधीच ऐकून ठेव. उभी ठेवलेली जुनी गाडी गंजते, तिची रबरं सुकतात, ब्रेक चिकटतात. रोज चालवली की जरा काही बिघडलं तर लगेच कळतं. हे माझं नाही, उस्तादांचं म्हणणं आहे.

लोभ आहे तो टिकव. त्याची मला वाईट सवय लागली आहे.

तुझा,
ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुला, निम्मे त्या चष्मेवालीला. तिला जास्त गरज दिसते.

ओरडत नाही. अपघात विभागात नऊ वर्षं काढलेल्या नर्सचा आवाज तसाही बसलेलाच असतो. मला गाड्यांतलं कळत नाही, गाड्यांतून काढलेल्या माणसांतलं कळतं. नव्या गाडीतला माणूस येतो तेव्हा त्याच्या गाडीचं तोंड चेपून सपाट झालेलं असतं आणि तो आम्हाला शिव्या देत असतो. जुन्या गाडीतला येतो तेव्हा गाडीला फारसं काही झालेलं नसतं. सगळा मार त्याने घेतलेला असतो. तो शिव्या देत नाही.

आमच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला तुझं पत्र वाचून दाखवलं (जेवणाचं वाक्य गाळून). त्याने विचारलं, स्टिअरिंगचा दांडा धडकेत दुमडतो की भाल्यासारखा तसाच छातीवर येतो? चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीवर आहेत का? आणि म्हणाला, ट्रकच्या केबिनमधून एवढी बुटकी गाडी दिसतच नाही, दिसलंच तर टपाचं कापड दिसतं.

रोज चालवतोस म्हणून गाडी ठणठणीत राहते, हे पटलं. पण रोज चालवतोस म्हणजे रोज त्या ट्रकांच्या शेजारून जातोस, हेही धर की. तुझं गणित कच्चं नव्हतं, तू फक्त कॉलेज सोडलंस.

विकून टाक म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. म्हणून एकच मागते. पट्ट्यांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ते नसणार. दोन्ही बाजूंना बसव, खांद्यावरून येणारे. बसवलेस की कळव. तू लिहिलंस की मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही, हे तुला ठाऊक आहे.

जेवत जा, प्रेमात असलास तरी.

माया अजून शिल्लक असलेली,
तुझी ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून रागारागाने दोन पानं लिहिली आणि फाडली. मग जाऊन पट्टे घेऊन आलो. झालं समाधान?

पट्टे नवे आहेत, पण बसवणं सोपं नाही. उस्ताद म्हणाले, टिल्लीचा तळाचा पत्रा म्हातारा झालाय. त्यात नुसता बोल्ट घातला तर हिसका बसल्यावर तो पत्र्यासकट निघून येईल, जुन्या शर्टाचं बटण कापड घेऊन निघतं तसा. म्हणून प्रत्येक बोल्टामागे तळहाताएवढी जाड लोखंडी चकती हवी. एका पट्ट्याला तीन बोल्ट, तीन चकत्या. उस्तादांनी तीन कापून दिल्या, आधी ड्रायव्हरची बाजू कर म्हणाले, आणि कटरच्या खोलीला कुलूप घालून मुलीकडे गेले. मंगळवारी येतील. उरलेल्या तीन तेव्हा.

गॅरेजाचा एक नियम सांगतो, तुला आवडेल. जिवाशी संबंध असलेला बोल्ट एकाने कसायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. मग त्या दुसऱ्याने नटावरून पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय. रेघच नसेल तर गाडी हलवायची नाही. हे मी शहाणपणा करून चष्मेवालीला सांगितलं. तिला भारीच पटलं. तिच्या दुकानातही एकीने घासलेली काच दुसरी तपासते म्हणे. तिने लगेच जाहीर केलं की तिच्या बाजूला रेघा दिसेपर्यंत ती टिल्लीत बसणार नाही.

म्हणून दोन दिवस ती बसने जातेय. तिच्या शेजारच्या औषधांच्या दुकानातला एक इसम बॅग ठेवून तिच्यासाठी खिडकीची जागा धरतो. पुढे खिडकीत दोन डोकी आणि मागे टिल्लीत बसचा धूर खात मी. तिकडे कुणी हसलं की मला इकडे दिसतं. आता मंगळवारपर्यंत कसा तग धरू ते तूच सांग.

माझ्यावर लोभ ठेव, त्या औषधवाल्यावर ठेवू नकोस.

तुझा,
ठिणगी


रविवार, १८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. पट्टे बसले, दोन्ही बाजूंचे. चकत्या, बोल्ट, पांढऱ्या रेघा, सगळं जिथल्या तिथे. चष्मेवालीला आत्ताच दाखवून आणलं. तिने वाकून एकेक रेघ बोटाने चाचपली आणि उद्या साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी उभी राहते म्हणाली.

आता तू निर्धास्त झोप. लोभ थोडा वाढवलास तरी चालेल, मी शहाण्यासारखा वागलोय.

तुझा,
ठिणगी


१ मार्च

चि. ठिणगीस,

आशीर्वाद.

तुझं रविवारचं पत्र मला बुधवारी मिळालं. तोवर चष्मेवाली दोन दिवस माझ्याच विभागात होती. तुमच्याकडच्या दवाखान्याने सोमवारी दुपारीच तिला इकडे पाठवलं. पत्ता वाचला आणि मला कळलं ही कोण ते.

पोलिसांच्या कागदात लिहिलंय की पाण्याच्या टँकरने लेन बदलली, त्याला तुमची गाडी दिसली नाही. टिल्ली दुभाजकावर आपटली. तू आतच राहिलास, मनगटावर भागलं. ती बाहेर फेकली गेली.

तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेखाली अजून काही कळत नाही. डॉक्टर 'बघू' म्हणतात. नऊ वर्षांत त्या 'बघू'चे प्रकार मला समजायला लागलेत, आणि हा चांगल्यातला नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच कागदात एक वाक्य आहे की शेजारी बसलेल्या मुलीने पट्टा लावलेला नव्हता. ते आता सगळ्यांच्या तोंडी आहे. राउंडला येणारे डॉक्टर शिकाऊ पोरांना तेच सांगतात, तिच्या उशाशी उभे राहून. तिची आई दिवसभर बसून असते, हाताने भरवते, आणि प्रत्येक घासाला एकच विचारते, की नवाकोरा पट्टा होता, तो ओढून लावायला काय झालं होतं, आरशात बघायला बरा वेळ मिळाला. सुरुवातीला चष्मेवाली भांडायची. लावला होता म्हणायची.

परवा तिने मला विचारलं, तुमच्या भावाने माझ्या बाजूचा पट्टा नीट बसवला होता ना. तुझं पत्र पर्समध्ये होतं. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग छताकडे बघून म्हणाली, "मग मीच लावला नसेन."

त्यानंतर ती भांडत नाही. आई बोलते आणि ती मान हलवते.

तू आला नाहीस, दोन ओळी लिहिल्या नाहीस. मनगट मोडलेल्या माणसाला बसमध्ये बसता येतं. काही सांगायचं राहिलं असेल तर सांग.

वाट बघणारी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.

चकत्या तीनच होत्या. त्या मी माझ्या बाजूला लावल्या. ड्रायव्हरची बाजू आधी असं उस्ताद म्हणाले होते, आणि तुला काळजी माझी होती, असं मी स्वतःला समजावलं. तिच्या बाजूचे बोल्ट नुसते पत्र्यात घातले. मोठे वॉशर टाकले, जीव खाऊन कसले. तपासायला गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्याची रेघ मीच ओढली. सहाही बोल्टांवर. मग हात धुतले आणि तिला बोलावून आणलं.

फक्त सोमवारचा प्रश्न होता, ताई. मंगळवारी उस्ताद आले की चकत्या कापून घेऊन सगळं नीट करणार होतो. सोमवारी तिने बसमध्ये त्याच्या शेजारी बसू नये, एवढंच मला हवं होतं. खरंच एवढंच.

तिने पट्टा लावला होता. बसल्याबसल्या लावला, मी किल्ली फिरवायच्या आधी. खटका मी ऐकला.

आणि अजून आहे. क्रेनने टिल्ली गॅरेजाच्या अंगणात आणून टाकली तेव्हा मी प्लास्टर घालून तिथे पोचलो. पोलीस यायचे होते. तिच्या बाजूचा पट्टा तसाच लागलेला होता, आत कुणी नसताना. खालचं टोक बोल्टासकट उपटलेलं, बोल्टाला ताटलीएवढा पत्रा. उस्तादांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी बटण दाबलं आणि पट्टा मोकळा केला. उपटलेलं टोक सीटखाली सारलं. पोलिसांनी वरवर पाहिलं. पट्टा सुटा लोंबतोय, म्हणजे बाईने लावला नव्हता. लिहून घेतलं आणि गेले. उस्तादांनी मला एकदाच विचारलं. मी त्यांनाही म्हटलं, तिने लावला नव्हता.

तेव्हा वाटलं, ती बरी होऊन येईल आणि मग मी तिला एकटीला सांगेन. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं, मी तिचा खरेपणा काढून घेतलाय, आणि तोही तुझ्या हातून.

तू तिला सांगशील का? तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल.

ठिणगी


९ मार्च

ठिणगी,

नाही सांगणार.

लोकांना वाईट बातमी सांगणं माझ्या नोकरीत बसतं. हे बसत नाही. तुझं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं, माझ्या आवाजात, माझा भाऊ खोटं लिहीत नाही अशा तोऱ्यात. त्याचं काय करायचं ते मी बघेन. बाकीचं तुझं आहे.

आधी पोलिसांकडे जा आणि सगळं लिहून दे, रेघेचं आणि बटणाचंही. मग उस्तादांना सांग. मग इकडे ये. भेटायची वेळ चार ते सहा. तिची आई तेव्हा तिथेच असते. ती नसतानाची वेळ विचारू नकोस.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल तू मला तिच्या खाटेपाशी सोडलंस आणि पडदा ओढून निघून गेलीस. म्हणून आत काय झालं ते लिहितो.

आधीचं आधी. पोलिसांकडे लिहून दिलं. साहेबांनी दोनदा विचारलं की हे बदलायचंय का. नाही म्हटलं. त्यांनी गॅरेजात येऊन सीटखालचं टोक काढलं. बोलावणं येईल, गाव सोडू नको म्हणाले, मग फक्त कालची परवानगी दिली. उस्तादांनी सगळं उभ्याने ऐकलं. माझ्या कपाटाची किल्ली मागितली आणि मी दिली.

तिच्यापाशी गेलो तर तिने आधी माझ्या प्लास्टरकडे बघून विचारलं, दुखतं का. तिची आई वाटीतलं काहीतरी चमच्याने कालवत होती. मी वाटेत बसमध्ये वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. तीन चकत्यांपासून सुरू केलं आणि बटणापर्यंत सांगितलं. औषधवाल्याचंही सांगितलं. ते सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण इतकं लहान होतं.

संपल्यावर तिने एवढंच विचारलं की खटका मला नक्की ऐकू आला होता का. मी म्हटलं, आला होता. किल्ली फिरवायच्या आधी.

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर काहीतरी फेकून मारेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तिने मान वळवली, माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मी पट्टा लावला होता."

तिच्या आईने वाटी खाली ठेवली. हात पुसले नाहीत. उठून पायथ्याशी गेली आणि चादरीवरून तिचे दोन्ही पाय धरले, ज्यांना धरलेलं कळत नाही ते. चष्मेवाली पुन्हा म्हणाली, मी लावला होता. मग अजून एकदा. तिसऱ्या वेळी तिचा आवाज पहिल्यासारखा झाला, बूट म्हणाली होती तेव्हाचा.

माझ्याकडे दोघींनी पाहिलं नाही. जा असंही म्हणाल्या नाहीत. सहाची घंटा झाली तेव्हा मला कळलं की मी अजून तिथेच उभा आहे.

आज लोभ मागत नाही. तिच्या पायांना काही कळलं, तर तेवढं कळव.

तुझा,
ठिणगी