घडीची होडी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण खोलीच्या मधोमध होडी वाळत पडली आहे आणि उरलेल्या जागेत मी जेमतेम उभी राहू शकते. तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे आता काय म्हणतात? काकांचा आवाज कसा आहे? (बसलेला घसा सुटला का, एवढंच विचारते. एरवी त्यांचा आवाज कसा असतो ते आम्हाला इथपर्यंत ऐकू येतं.) आई-बाबा ठीक आहेत. तुझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलाला मी होकार द्यावा म्हणून दोघंही माझ्याशी इतकं गोड बोलतात, की घरात बसवत नाही.

हो की नाही ते एका शब्दात कळव, असं तू लिहिलं आहेस. एक शब्द लिहायला हरकत नव्हती, पण पुढे जाऊबाईंना तोंड तुला द्यायचं आहे, आणि तुझा शब्द त्या घरात आधीच किती चालतो ते मला माहीत आहे. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते. बाईने पाण्यासारखं असावं, ज्या भांड्यात पडेल त्याचा आकार घ्यावा, हे तुझं वाक्यही दोनदा वाचलं. त्याच्याबद्दल शेवटी.

मुलाला आपण उमेदवार म्हणू. त्याची नोकरी बदलीची, आणि बदली होईल तिथल्या पाण्यात होडी घालायची ही त्याची हौस. (हौस जुनी, होडी अजून घेतलेली नव्हती.) आमच्या मुलीला सामानातलं कळतं, असं तू जाऊबाईंना सांगून ठेवलं होतंस. मी प्रयोगशाळेत कापड आणि प्लास्टिक ताणून फाडते आणि ते कुठे फाटलं त्याची नोंद ठेवते, त्याचं हे तू केलेलं सुटसुटीत रूप. त्यावरून जाऊबाईंनी ठरवलं की दोघांनी मिळून होडी निवडावी, तेवढीच ओळख होईल. दोघांनी म्हणजे आम्ही दोघं आणि त्या.

दुकानदार समजूतदार होता. होडीत किती जण बसणार, पाणी कसलं, वारा किती असतो, असं त्याने विचारलं. उमेदवार म्हणाला, "ते नंतर बघू हो. हलकी पाहिजे. घडी घालून कुठंही नेता आली पाहिजे, आणि हाताळायला कटकट नको." मग त्याने खिशातून बॅगा तोलायचा आकडेवाला काटा काढला आणि दुकानातली एकेक होडी त्याला टांगायला सुरुवात केली. जाऊबाई तोवर हवा भरलेल्या एका होडीवर सोफ्यासारख्या बसून दुकानदाराच्या बायकोला माझी ओळख करून देत होत्या. मुलगी सुटसुटीत आहे, फार बोलत नाही, ह्याची बदली कुठंही होवो, उचलून नेलं की झालं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. एका कानाने होडीचे गुण ऐकत होते, दुसऱ्या कानाने माझे, आणि थोड्या वेळाने कुठलं कोणाचं ते कळेना. (होडीला निदान गाता येतं का असं कुणी विचारलं नाही.)

लाकडी आणि फायबरच्या होड्या दणकट, पण त्यांना उचलायला माणसं लागतात. म्हणून हवा भरायची घ्यावी, पण थोडी जड, जाड तळाची घ्यावी, असं मी सांगितलं; कारण अगदी हलकी होडी वारा पाचोळ्यासारखी उडवतो. उमेदवाराने अतिशय आदराने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि सगळ्यांत हलकी घेतली. माझं मत त्याला हवं होतं ह्यात शंका नाही. देवळाबाहेर चपला काढतात तसं ते त्याने व्यवस्थित एका बाजूला काढून ठेवलं.

होडीच्या माहितीपत्रकात वजन नऊ किलो लिहिलेलं होतं. ते नुसत्या होडीचं. पिशवी, पंप, बैठका, वल्ही धरून घरी काटा पंधरावर गेला. हे मी दुकानात बोलले होते, पण तोवर त्याने फोनवरून कचेरीतल्या सगळ्यांना नऊ सांगून टाकलं होतं. आता आकडा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने होडी बदलायला घेतली. आमच्याच दिवाणखान्यात, बाबांच्या देखत, आधी बैठका काढल्या, मग ठिगळांची डबी काढली, मग मोठी पिशवी सोडून बाजाराची पिशवी आली. शेवटी त्याच्या हातात तळाला अडकवायचं वीतभर पातं आलं. ते काढलंत तर होडी सरळ जाणार नाही, असं मी म्हटलं. त्याने ते तळहातावर तोललं. "एवढंसं तर आहे. सरळ न्यायला मी आहे ना, तू कशाला काळजी करतेस?" (तो मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करतो, मी त्याला अहो-जाहो. वजनातला हा फरक कुठल्याच काट्यावर दिसत नाही.) बाबांनी मला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं. मी पातं उचलून माझ्या खणात ठेवलं.

तळ्यावर दोन्ही घरं जमली. बाबांनी दुर्बीण आणली होती, आईने सगळ्यांना पुरतील इतके टॉवेल. उमेदवार होडीत मांडी घालून बसला, कारण बैठका घरी होत्या. होडीला बांधलेली दोरी काठावर माझ्या हातात होती. सोड, म्हणाला. वारा पाण्याकडे वाहतोय, सोडू का, असं मी विचारलं. "सोड म्हटलं ना." मी सोडली.

पहिल्या वल्ह्याला होडी गर्रकन फिरली. दुसऱ्याला उरलेली फिरली. तोंड आमच्याकडे आलं की तो हात हलवायचा, मग पाठ, मग पुन्हा तोंड, पुन्हा हात. थोड्या वेळाने त्याने हात हलवणं सोडलं. असा फिरत फिरत, वल्ह्यांचा काहीएक संबंध न ठेवता, तो वाऱ्याने पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊन पडला. तिथे एकजण गळ टाकून बसला होता. त्याने आपली बादली बाजूला घेतली. (बाबांनी दुर्बिणीतून पाहून सांगितलं. पाहणं त्यांनी पुष्कळ आधी थांबवायला हवं होतं.)

आणि मग जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"दोरी सोडलीसच कशी गं तू?"

"सोड म्हणाले."

"तो म्हणेल. पुरुष म्हणतातच. आपण ऐकल्यासारखं करायचं आणि धरून ठेवायची."

आत्या, ह्या कामाचं इतकं स्वच्छ वर्णन मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दिशेबद्दल बोलायचं नाही. भरकटला की दोरी मात्र आपल्या हातात असायला हवी. तू ते काम कित्येक वर्षं करते आहेस, आणि काकांना वाटतं, आपण सरळ जातो.

उमेदवार होडी डोक्यावर घेऊन तळ्याला वळसा घालत परत आला. हलकी आहे ह्याचा फायदा बघा, असं त्याने सगळ्यांना दाखवूनही दिलं. दुसऱ्या दिवशी होडी माझ्याकडे पाठवली: हिच्यात दोष आहे असं प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून दे, म्हणजे दुकानदार परत घेईल. मी तपासली. होडीत दोष नाही, पातं घरी राहिलं होतं, असं लिहून दिलं. मग ही कटकट तुझी तूच ठेव, असा निरोप आला. ठेवली.

तेव्हा, नाही.

तुझी,
भाची

ता. क. जाऊबाईंशी वाद घालू नकोस. मुलगी अवजड निघाली, एवढंच म्हण. त्यांना ते लगेच पटेल, आणि तुझं नाक जागच्या जागी राहील.

ता. क. दुसरा. आता पाण्याबद्दल. पातं लावून मी होडी तळ्यात घातली. सुतासारखी सरळ जाते. अडचण एकच आहे: एकटं माणूस मागे बसलं की पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा ते फिरवू पाहतो. पुढे वजन हवं. वाळूची पिशवी ठेवून पाहिली, पण ती वल्हवत नाही. बाबा अजून सांगतात की लहानपणी ताई, म्हणजे तू, नदीत उतरली की तिला हाका मारून मारून आजीचा घसा बसायचा. लग्न झाल्यापासून तू बादलीपलीकडचं पाणी पाहिलेलं मला आठवत नाही. भांड्याचा आकार घेणं म्हणजे काय, ते मला बादलीवरून समजलं.

ये. गुडघ्यांना इथे काम नाही, पाय पसरून बसायचं असतं. बैठका मी पुन्हा बसवल्या आहेत आणि तरंगणारी जाकिटं दोन आहेत. काकांनी विचारलं तर सांग, भाचीला पुढे वजन कमी पडतं आहे. दोरी मी घरीच ठेवणार आहे. तेवढंच ओझं कमी.