कळी न चाचपणाऱ्या नेडिनला चाळीस एकर रान

मी, ऑर्वल डेल टीटर्स, वय एक्क्याऐंशी, धंदा कुऱ्हाडीचे दांडे करण्याचा, राहणार विंटन परगणा, ओहायो, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हात म्हातारे झाले, डोके नाही. कोणी दमदाटी केलेली नाही. तेवढी कोणाची छातीच नाही. आधीची सगळी मृत्युपत्रे मी शेगडीत घातली आहेत.

१. घर आणि गाडी मुलगा रॉइस यास. तो शहरात राहतो, विकून टाकेल. खुशाल टाको. संधिवात होऊ नये म्हणून तो खिशात बकाईची, म्हणजे ओहायोच्या राज्यवृक्षाची, बी बाळगतो आणि चारचौघांत ओहायोचा अस्सल माणूस म्हणून मिरवतो. ती बी बकाईची नाही, तशाच दिसणाऱ्या परदेशी हॉर्स चेस्टनट झाडाची आहे. मी तिच्या फळाची साल पाहिली होती, काट्यांनी भरलेली. बकाईच्या सालीवर चार बोथट गाठी असतात, बस्स. बारा वर्षे मी गप्प बसून मजा पाहिली.

२. शेजारी हार्लन प्रुइट यास काहीही नाही. ज्यांचे दांडे मी करतो ती ॲशची झाडे किडीने मरत आहेत हे त्याने मला दोनदा येऊन सांगितले, जणू मी आंधळाच.

३. आता चाळीस एकर रान आणि दांड्यांचे दुकान. मुलगी नेडिन तीस वर्षे माझ्या शेजारी बसून ॲशचे लाकूड तासते आहे. तिला जगात दुसरे काही नको, फक्त हे रान हवे. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आठ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तोडायच्या म्हणून मेलेल्या ॲशवर निळ्या रंगाची खूण करायला मी तिला पाठवले. पाने असताना काय, शेळीसुद्धा ओळखेल: ॲशचे पान पिसासारखे, बकाईला पाच बोटे, हॉर्स चेस्टनटला बहुधा सात. हिवाळ्यात मात्र तिन्हींच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटलेल्या दिसतात, म्हणून कळीला हात लावायचा. ॲशची कळी बुटकी, काळपट, कोरडी. बकाईची टोकदार, कोरडी. फांदी मोडली की घाण वास. हॉर्स चेस्टनटची कळी बोटाला काकवीसारखी चिकटते. बाईसाहेबांनी हातमोजे काढलेच नाहीत. खोडावर बर्फ साचलेला, वर जोडीच्या फांद्या दिसल्या, मारला रंग. "सगळे ॲशच आहेत, बाबा. मेलेत."

त्यात कुंपणाजवळचे हॉर्स चेस्टनट होते. माझ्या बायकोने, लिओटाने, लग्नाच्या वर्षी लावलेले. ती अंथरुणाला खिळली होती आणि खिडकीतून तिला तेवढेच दिसे. करवत फिरली, त्या दिवशी तिने विचारले, "नेडिन, आज एवढा उजेड कसा गं पडलाय?" नेडिनने पडदा ओढला. लिओटाने तोंड भिंतीकडे वळवले ते वळवलेच. मार्चमध्ये गेली.

४. हेही लिहून ठेवतो. करवतीच्या आदल्या दिवशी मी ते झाड पाहिले होते. रंग दिसला, कळी माझ्या बोटाला चिकटली. मी बोललो नाही. त्याच आठवड्यात नेडिन तोंडावर म्हणाली होती, "बाबा, तुमचे डोळे गेलेत. यापुढे खुणा मीच करणार." म्हटले, कर की! आठ वर्षे ती माझ्यासमोर मान खाली घालून जेवते आहे. ते पाहून मला बरे वाटते.

५. रान आणि दुकान नेडिनला. मात्र मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्यातले काही घेता येत नाही, असे वकिलाने सांगितले आहे. म्हणून दुसरी साक्ष तिच्याचकडे मागणार आहे. कागद उघडा ठेवीन. "वाचून बघ," असे एकदाच म्हणेन. वाचले तर ती सही करणार नाही, मी दुसरा साक्षीदार आणीन आणि रान तिचे. न वाचता सही केली तर रान रॉइसचे. तो पहिल्याच लाकूडवाल्याला विकेल.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक ११ नोव्हेंबर २०२१.

ऑर्वल डेल टीटर्स (सही)

ता. क. मी म्हटले, "वाचून बघ." ती म्हणाली, "तुमच्या कागदांत मला काय कळतंय, बाबा? घेवडा करपेल तिकडे. कुठे करू सही?"

साक्षीदार:
१. हार्लन प्रुइट (सही)
२. नेडिन टीटर्स (सही)