कोरड्या फरशीवरचं पाणी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे फरशी पुसून कामातून गेलेत; उरलेल्या सहांवर गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

स्वयंपाकघरातली फरशी अखेर बदलली. जुनीचा एक कोपरा वर आला होता आणि आई येता-जाता त्याला ठेचकाळायची. दुकानात गेलो तर नुसत्या पांढऱ्यातच इतके प्रकार की तुझी भावजय एकेक नमुना उजेडात बघायला थेट रस्त्यावर जायची (दुकानदाराला वाटलं, पळवतेय). तिचं म्हणणं, खरखरीत घ्या. माझं म्हणणं, चकचकीत. आईची नजर अधू, खोली अंधारी, निदान पायाखाली तरी उजेड पडेल. दुकानदार म्हणाला, "काका, यात बघून दाढी करा." (केली नाही.) मग मिस्त्री आला. प्रत्येक फरशीवर टकटक करून कान लावायचा, डॉक्टरही आजकाल इतकं तपासत नाहीत. सिमेंट वाळेपर्यंत गॅस बाहेरच्या खोलीत आणि मी पलंगावर बसून कांदा चिरतोय, असा संसार केला. पण सांधे इतके सरळ आले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले.

आणि मग आई दारात आली. थबकली, गाऊन घोट्यांच्या वर उचलला आणि म्हणाली, "नळ कुणी उघडा ठेवला रे?" अगं, थेंबभर पाणी नव्हतं. मी तिच्यासमोर रांगत कोरड्या फडक्याने कोरडी फरशी पुसली, वर फडकं पिळूनही दाखवलं. (अभिनय बरा वठला असावा, कारण "बादलीत पिळ" म्हणून दटावलंन.) तरी पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, या विसरायच्या आजारात चकाकतं ते ओलं दिसतं. पायपुसणी अंथरली, तर ती तिला वाहून चाललेली दिसली. मिस्त्रीने पॉलिश पेपर घेऊन एक फरशी घासून पाहिली. फरशी तशीच राहिली, मिस्त्री दमला.

हसू नकोस. म्हणजे हस, पण पुढचं वाच. त्या एकाच खोलीत आईला आपण कुठे आहोत हे कळायचं. डबे पुसायची, भाजी निवडायची, मीठ कमी झालं म्हणून बोलायची. आता दिवसभर पलंगावर पाय वर घेऊन बसते आणि पाणी ओसरलं का, एवढंच विचारते. उजेड पडावा म्हणून केलं गं मी. फार वाईट वाटतं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा (सध्या घरचा अधिकृत फरशीपुश्या)

ता. क. फरशी उखडू का, असं विचारायला हे पत्र नाही. ती उखडायची ठरली आहे, खरखरीत येणार आहे. तुझ्या भावजयीने "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, ते जास्त लागतं.

आणखी एक. काल मी दाराशी फरशीवर उभं राहून आईपुढे हात केला. आईने तो घट्ट धरला आणि गाऊन सावरत, एकेक पाऊल चाचपत आली की गं ओट्यापर्यंत! मी आनंदाने हाक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "फार उपकार झाले हो तुमचे. पण माझा मुलगा मागेच राहिलाय. लहान आहे, त्याला पोहता येत नाही. तेवढा आणता का?" मी दारापर्यंत परत गेलो, ताई. दुसरं काय करणार? तिथे थोडा उभा राहिलो आणि एकटाच परत आलो, तर ती माझ्या पाठीमागे कुणी दिसतंय का बघत होती. फोनवर तुझा आवाज ती अजून ओळखते. मिळेल त्या गाडीने ये. माझं ती ऐकत नाही, तू सांग तिला, तो पोचलाय म्हणून.