बाबांचा धडधाकट फोन

दिवेआगर, ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. साक्षीस,
बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर तू पडद्यावर दिसली नाहीस, त्यात तुझी चूक नाही. श्रीवर्धनच्या दुकानदाराने कागदावर लिहून दिलं, फोन धडधाकट आहे, पण कंपनीने हे मॉडेल सोडून दिलंय, व्हिडिओ कॉल आता लागणार नाही. नव्याची किंमत लिहिली, ती मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. बटणांचा फोन तो स्वस्तात देत होता. तापात कान गेलेल्या माणसाने तो घेऊन काय करायचं? मला तुझे ओठ दिसायला हवेत.

शेवटी कुणाचातरी वापरलेला आणला. दुसऱ्याच दिवशी तो बंद. आधीच्या मालकाने हप्ते थकवले म्हणून कंपनीने लांबूनच कुलूप घातलं म्हणे. दुकानदार हात वर करतो. शेजारची नूतन तिचा फोन देते, पण रोज कसा मागू?

सांबाराखेरीज काही मिळतं का तिकडे? माया असू दे.

तुझा,
बाबा

चेन्नई, ता. १६ ऑगस्ट

ति. बाबांना,
साक्षीचा सविनय जयभीम.

सांबारात मी आता पोहायला शिकलेय. काळजी नसावी.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग राग आला. कारखान्यात मी फोनचे कॅमेरे तपासते. दिवसभर फोनमागून फोन हातातून जातात, त्यांत माझाच चेहरा दिसतो आणि पुढे सरकतो. त्यातला एक घ्यायचा तर माझे चार पगार. परवा कंपनीला कधी नव्हे एवढा नफा झाला म्हणून आम्हाला लाडवांचा एकेक डबा दिला. साहेबांना विचारलं, कामगारांना फोन स्वस्तात मिळतो का? म्हणाले, दोन वर्षांचा नवा करार करील त्याला निम्म्या किमतीत. माझा तर दिवाळीत संपतोय. बघू.

तुमची,
साक्षी

चेन्नई, ता. ९ सप्टेंबर

ति. बाबांना,
सविनय जयभीम.

रविवारी नूतनताईच्या फोनवर तुम्ही दिसलात, बरं वाटलं. खरं सांगू, तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं. फोनसाठी अजून दोन वर्षं इथे राहू का, असं विचारलं आणि तुम्ही हसून लगेच मान हलवलीत. मग काल सही केली. फोन पार्सलने निघालाय.

आठवण ठेवा.

साक्षी

दिवेआगर, ता. १९ सप्टेंबर

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद.

फोन सुखरूप पोचला. नूतनने सुरू करून दिला.

त्या रविवारी चित्र सारखं अडकत होतं. तुझा एकही शब्द मला ओळखता आला नाही. पुन्हा बोल म्हणणार होतो, पण नूतन कामावर जायला खोळंबली होती. तू हसलीस म्हणून मी हसलो आणि मान हलवली. काय विचारलं होतंस ते तुझ्या पत्रातच कळलं. मी नाही म्हणालो असतो गं.

करार मोडता येतो का, विचारून पाहा. नसेल येत, तर साहेबांशी भांडू नकोस.

सुट्टीच्या दिवशी फोन लाव. हळू बोल. समजलं नाही तर मी तसं सांगेन.

तुझा,
बाबा