क्रमांक २१४ खरवडून लॅपटॉपला मेमरी बसवण्याची परवानगी

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
जिल्हा अवजारे व बियाणे वाटप कार्यालय,
कोल्हापूर.

विषय : कार्यालयीन लॅपटॉपला मेमरीची योग्य पट्टी बसवता यावी म्हणून त्याच्या पोटावरील जडवस्तू क्रमांक २१४ खरवडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ४ फेब्रुवारी २००८. २) अर्ज संदिग्ध असल्याचे भांडार शाखेचे पत्र. ३) माझा खुलासा. ४) खुलासाही संदिग्ध असल्याचे भांडार शाखेचे पत्र.

महोदय,

१) मी, प्रसेनजीत गणपती कुरणे, राहणार कळंबा, आपल्या कार्यालयात गेली सतरा वर्षे टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करीत आहे. मी जन्मापासून अंध आहे. आपण मला रोज पाहता व मी आपणास रोज ऐकतो, तेव्हा ओळख याहून लांबवीत नाही.

२) उपरोक्त लॅपटॉप २००३ साली खरेदी झाला. तो तीन साहेबांच्या हाताखालून गेला आणि चौथ्या साहेबांना नवा मिळाल्यावर माझ्याकडे आला. अंध मित्रांच्या एका संस्थेने त्यात बोलका प्रोग्राम बसवून दिला. टंकलेले अक्षर तो मोठ्याने वाचतो, कागदपत्रही वाचतो. मात्र यंत्रात मेमरी अवघी १२८ एमबी, आणि प्रोग्रामची भूक मोठी. सकाळी बटण दाबून मी चहा सांगतो. चहा येतो, पिऊन होतो, कप परत जातो, आणि मग यंत्र "स्वागत आहे" म्हणते. पुढे मी एक ओळ टंकून दुसरीत शिरलो की त्याला पहिल्या ओळीचे पहिले अक्षर उच्चारण्याची सवड मिळते. मधल्या वेळात ते आतल्या आत दळण घातल्यासारखे घरघरत असते.

३) हे मी हसत सोसले असते. परंतु कार्यालयात स्वयंचलित एक्स्चेंज बसल्यामुळे माझे पद ३० जून रोजी रद्द होत आहे. १२ जूनची विभागीय टंकलेखन चाचणी उत्तीर्ण झालो तरच मला लिपिक म्हणून सामावून घेतले जाईल, अन्यथा घरी जावे लागेल. चाचणीस दहा मिनिटे मिळतात व बोलका लॅपटॉप वापरण्याची सवलत आहे. माझा टंकलेखनाचा वेग चांगला आहे. चूक झाल्याचे मला कळते, पण चार ओळी पुढे गेल्यावर. माझी पत्नी शालन विचारते, "परीक्षा तुमची हाय का त्या डब्याची?"

४) माझ्या पहिल्या अर्जावर आपण कृपाळूपणे तीन सदस्यांची खरेदी समिती नेमली. तिघांचीही दृष्टी उत्तम आहे. समितीने तीन पट्ट्या मागवल्या व त्यांतील सर्वांत लांब पट्टी एकमताने निवडली. ती टेबलावरच्या कॉम्प्युटरची, चांगली वीतभर होती. भांडारपाल हंबीरराव म्हणाले, "लांब हाय म्हंजे जास्त मावतंय की!" ती लॅपटॉपच्या कोणत्याही बाजूने आत जाईना, तेव्हा सुताराला विचारून पाहण्याचीही सूचना पुढे आली. सुतार त्या दिवशी हातकणंगल्याला गेला होता, हे माझे भाग्य.

५) त्यानंतर मी स्वतः राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथे याच बनावटीचा एक निकामी लॅपटॉप पोट उघडून ठेवलेला होता. त्याच्यातली पट्टी मी हातात घेतली. ती बोटभर लांब, आणि तिच्या दातांच्या रांगेत एक खाच. दुकानदाराने नव्या दोन पट्ट्या दिल्या. लांबीला दोन्ही हुबेहूब. एकेक जुन्या पट्टीवर ठेवून खाचेत नख घातले, तर पहिली जुनीशी तंतोतंत जुळली आणि दुसरीच्या खाचेत नख अडकले. दुसरी नव्या पिढीची होती, आमच्या यंत्रात ती बसलीच नसती. दुकानदार म्हणाला, "पावणं, मला चष्मा लावून बघायला लागतंय, तुम्ही नखानं सांगताय!" एक जीबीची घ्यावी असा मोह मला झाला होता. पण हे यंत्र एका जागेत ५१२ एमबीच्या वर ओळखत नाही असे त्याने सांगितले, म्हणून ५१२ चीच घेतली. पट्टी मी स्वखर्चाने घेतली असून ती कार्यालयास कायमची देत आहे.

६) आता मुख्य अडचण. पट्टी आत घालण्यासाठी लॅपटॉपच्या पोटावर एक छोटे झाकण असते. आपल्या लॅपटॉपला असे झाकणच नाही, असा अहवाल समितीने दिला. निकामी लॅपटॉपवर झाकण कोठे होते हे माझ्या बोटांना आठवत होते. मी आपला लॅपटॉप उलटा करून हात फिरवला. झाकण आहे. कार्यालयातील टेबल, खुर्ची, पंखा, पाण्याचे पिंप यांवर आपले शिपाई श्री. ज्ञानू हे ऑइलपेंटने जडवस्तू क्रमांक घालतात. लॅपटॉपचे पोट काळे असल्याने त्यांनी आधी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि त्यावर कार्यालयाचे नाव व २१४ असा क्रमांक घातला. झाकणाची फट, स्क्रू, सारे त्या रंगाखाली गाडले गेले आहे. डोळ्यांना ती सपाट पांढरी पाटी दिसते. बोटाला मात्र "२१४" मधल्या १ च्या शेपटीखाली स्क्रूचा खड्डा लागतो.

७) हा शोध मी हंबीररावांना आनंदाने कळवला. त्यांचे म्हणणे पडले की क्रमांक खरवडला तर लेखापरीक्षणात वस्तू सापडणार नाही. क्रमांक केवळ निर्लेखन झालेल्या, म्हणजे भंगारात काढलेल्या वस्तूचाच पुसता येतो. म्हणून लॅपटॉप वेगवान करण्यासाठी तो आधी भंगार ठरवावा, मग क्रमांक पुसावा, मग पट्टी घालावी, असा मार्ग त्यांनी सुचवला. त्यात भंगाराचा लिलाव मध्येच येतो, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. दुखऱ्या गुडघ्याला तेल मागायला गेलेल्याला आधी मृत्यूचा दाखला आणायला लावण्यातला हा प्रकार आहे. हंबीरराव मनाने वाईट नाहीत. गेल्या तपासणीत एका हरवलेल्या स्टुलापायी त्यांना फार त्रास झाला होता.

८) तरी माझी विनंती अशी की, प्रथम क्रमांक २१४ लॅपटॉपच्या वरच्या पाठीवर घालावा व तो वाळल्यानंतरच पोटावरचा खरवडावा. म्हणजे लॅपटॉप एक क्षणही बिनक्रमांकाचा राहणार नाही. ज्ञानू यांना मी विचारले. ते म्हणाले, "तासाचं काम हाय, पर वाळाय दोन दिस लागत्यात." फक्त त्यांना एवढी ताकीद असावी की कळफलकास ब्रश लावू नये. त्यावरच्या दोन कळांवर बारीक उंचवटे आहेत, माझी बोटे तेथूनच घर शोधतात.

९) प्रस्तुत अर्ज मी त्याच लॅपटॉपवर टंकीत आहे. मी नवव्या मुद्द्यावर असून यंत्र आता सहाव्यात ज्ञानू यांचा पांढरा रंग वाचत आहे. यापुढे काही अशुद्ध आढळल्यास ते मी अजून ऐकलेले नाही असे समजावे.

१०) शेवटी एक सांगतो, ते नियमात बसते की नाही ठाऊक नाही. सतरा वर्षे माझे प्रत्येक पत्र मला कोणीतरी वाचून दाखवले आहे. पद रद्द झाल्याचे पत्र आले तेव्हा ज्ञानू यांनी नेहमीप्रमाणे व्हरांड्यातच पाकीट फोडले, मोठ्याने सुरुवात केली आणि मध्येच थांबले. म्हणाले, "प्रसेनजीतराव, ह्यात कायतरी वंगाळ लिवलंय. वाचू का नगं?" तोवर त्यांच्या खांद्यावरून डोकावून भोवतीच्या दहा माणसांना ते कळले होते. मला त्यांचा राग आला नाही. पण माझी नोकरी गेल्याचे कळलेला मी त्या व्हरांड्यातला शेवटचा माणूस होतो. याचे मला फार वाईट वाटले, आणि अजून वाटते.

म्हणून या अर्जावरील निर्णय कृपया कागदावर देऊ नये. सोबत कोरा पेन ड्राइव्ह जोडला आहे, त्यात घालून द्यावा. यंत्र सावकाश वाचेल, मी चहा सांगून थांबेन. होकार असो वा नकार, या वेळी तो सर्वांत आधी मला कळावा.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
आपला नम्र,

(प्र. ग. कुरणे)
टेलिफोन ऑपरेटर (३० जूनपर्यंत)
कोल्हापूर, दि. १९ मे २००८

सोबत :
१) मेमरीची पट्टी, ५१२ एमबी, एक नग. पाकिटातून न काढता खाचेवरून बोट फिरवून पाहावे.
२) पेन ड्राइव्ह, एक नग. यावर क्रमांक घालू नये.