सदऱ्यावरचं रक्त

बाबा, तुमच्या त्या सदऱ्याबद्दल घरात कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि आपण मजुरांच्या कॅम्पात पत्र्याच्या खोलीत राहत होतो. मुकादमाचा खून झाला. तुमचं त्याच्याशी नुकतंच वाजलं होतं, म्हणून पोलीस सरळ आपल्याकडे आले. ट्रंकेमागे दडवलेला तुमचा सदरा त्यांनी ओढून काढला. बाहीवर रक्त वाळलेलं. मी दारात उभा आहे आणि तुम्ही मुकाट त्यांच्यापुढे चालू लागता.

चौकीत आई गजांना धरून कुजबुजली, "बकऱ्याचं हाये म्हणून सांगून टाका ना! कावून चूप बसले?"

"सांगतलं तं बस्तीले कोणतं तोंड दाखवू? तू बोलशीन तं तुले पोराची शपथ हाये."

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर बस्तीतले घरोघरचे देव तुम्हीच नदीत सोडायला लावले होते. नवस नाही, बळी नाही. पुढे मला देवी आल्या, मी वाचेन असं वाटेना, तेव्हा तुम्ही मातामाय देवीला बकरा बोललात आणि मी उठून बसल्यावर लपूनछपून तो कापलात. समोर फाशी दिसत होती आणि तुम्हाला भीती त्या बकऱ्याची!

सदरा दूरच्या शहरात प्रयोगशाळेत गेला. रक्त माणसाचं की जनावराचं, हे तिथे कळायचं. अहवाल आला तेव्हा फौजदाराने तो सगळ्या बस्तीसमोर मोठ्याने सांगितला. "आदमी का नहीं, बकरे का खून है! जाओ भगतजी, घर जाओ!" शिपाई हसले. आपली माणसं हसली नाहीत. त्यानंतर बुद्धवंदना तुमच्याऐवजी दुसरंच कुणी घेऊ लागलं. तुम्ही मागे, चपलांपाशी बसायचात. मी तुमच्याजवळ बसत नसे. ज्याच्यासाठी तुम्ही हे केलंत त्यालाच तुमची लाज वाटत होती, हे लिहितानाही मान वर होत नाही.

तुमच्या शोकसभेत एका म्हाताऱ्याने तो विषय काढलाच. मी ताडकन उठलो. म्हटलं, त्या काळच्या प्रयोगशाळेचं काय सांगता, अहवाल चुकला होता, माझ्या बापाने बकरा कापलाच नव्हता. लोकांनी माना डोलावल्या. मग ते रक्त कुणाचं, असं कुणी विचारलं नाही, आणि घरी येईस्तोवर मलाही सुचलं नाही. एक बकरा झाकायला मी तुम्हाला खुनी ठरवून आलो, बाबा. सुचल्यावरही परत जाऊन मी काही बोललो नाही.